उपयोग: ठरायचा आहे

दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत कोणाकडे नवा रंगीत टीव्ही आला की सगळे टीव्ही बघायला जात आणि पहिल्या मजल्यावरचे पेंडसेकाका खोक्याची दोरी मागायला. त्या वर्षांत दर आठवड्याला कोणाकडे तरी काहीतरी नवं यायचं, त्यामुळे काकांचं उत्तम चाललं होतं.

मिनिस्ट्रीतून रिटायर झालेला हा माणूस. सुतळी, नाडी, नायलॉनची दोरी, मिठाईच्या डब्याचा चमकता धागा, त्यांना काहीही चालायचं. प्रत्येकीचं नीट वेटोळं करून वर चिठ्ठी: ‘सुतळी, तीन हात. उपयोग: पडदा.’ काही सुचलं नाही तर ‘उपयोग: ठरायचा आहे’. ‘फेकायची बिल्कुल नाही’ हे त्यांचं पालुपद. काकू म्हणायच्या, माझ्या साड्यांना एक कपाट आणि ह्यांच्या नाड्यांना दोन. मीही काकांची यथेच्छ टिंगल केली, खोटं कशाला बोलू?

मग आमच्या मुलीचं बारसं आलं. आईनं घरचा पाळणा साताऱ्याहून रेल्वेनं आणला. पाळणा आला, पितळी कड्या आल्या, लाकडी राघूसुद्धा आले; दोऱ्या साताऱ्यात माळ्यावर राहिल्या. हे कळलं बाराव्या दिवशी सकाळी, आणि तो नेमका आमच्या बाजाराच्या सुट्टीचा वार. अकराला पाहुणे यायचे होते. तुझं नाव ह्याच पाळण्यात ठेवलेलं, नातीचं काय सतरंजीवर ठेवायचं, म्हणत आई डोळ्यांना पदर लावून बसली. मी झक मारत पहिल्या मजल्यावर गेलो.

काकांनी एक टोमणा मारला नाही, तेच मला जास्त लागलं. कपाटाच्या तळातून त्यांनी जाड सुती दोरीचं वेटोळं काढलं. कधी न वापरलेलं, पण पिवळं पडलेलं. काकूंनी ते पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली.

“अजून ठेवलीत?” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, हळूच, “लग्न झालं त्या वर्षी पानिपतहून आणली होती. आमच्याकडे पाळणा काही हलला नाही.”

काकांनी आमचा पंखा उतरवून त्याच्या हुकाला पाळणा टांगला. आधी त्यात दहा किलो आट्याची पिशवी झोपवून पाच मिनिटं झोके दिले, मग म्हणाले, “चलो, आता मुलगी.”

अकराला अख्खी सोसायटी जमली. बायका पाळणा म्हणायला लागल्या, तेव्हा आईनं झोक्याची दोरी काकांच्या हातात दिली. हे बायकांचं काम, असं कोणीतरी पुटपुटलं, तिनं ऐकलंच नाही. काका छाती काढून ओढत राहिले. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, तरी हा गडी दोरी सोडेना, आणि मला आनंदानं हसू की रडू कळेना.

दोरी आमच्याकडेच राहिली, चिठ्ठी तेवढी काकांनी सोडवून नेली. पुढे एकदा त्यांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली दिसली. ‘सुती, बारा हात. उपयोग: पाळणा.’ त्या ‘पाळणा’वर जुन्या शाईची काट. खाली ‘ठरायचा आहे’. त्यावर नवी काट, आणि पुन्हा ठसठशीत अक्षरात ‘पाळणा’.

शेजारी दोन सह्या होत्या, काकांची आणि काकूंची.