सर्व्हर पडला की पाडला?

"गुन्हा कितीही खोल दडलेला असो, माझ्या नजरेतून सुटत नाही," असं धुरंधर स्वतःबद्दल सांगत. धुरंधर हे नावही त्यांनीच स्वतःला दिलं होतं. दुसरं कोणी देईल, याची वाट पाहण्यात बारा वर्षं गेली होती.

कंपनीत ते देखरेख विभागाचे प्रमुख. ठिकठिकाणच्या दुकानांचे, दवाखान्यांचे सर्व्हर इथल्या एका खोलीतून सांभाळायचे, हे विभागाचं काम. पडद्यावर हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धावा. धावायचं काम ताईंचं. त्या विभागातल्या दुसऱ्या आणि शेवटच्या कर्मचारी. धुरंधर विचार करत.

सोमवारी सकाळी अकराला एका प्रसूतिगृहाचा दिवा लाल झाला. सर्व्हर तापून आपोआप बंद पडला होता. तो निवल्यावर ताईंनी इथूनच पुन्हा चालू केला. गुरुवारपर्यंत असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी टेबलावर अडलेली बाई होती आणि तिचा रक्तगट बंद सर्व्हरमध्ये.

"जुना कागद सापडला म्हणून निभावलं," डॉक्टरीणबाई फोनवर कडाडल्या. "शनिवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर तुमची देखरेख बंद."

ताईंनी ‘शनिवार’ लिहून घेतलं. धुरंधरांचे डोळे चमकले.

"सर्व्हर पडला, असं सगळे म्हणतात. पण पडला, की पाडला?"

"तिथला एसी चालू आहे का, विचारू?"

"सोपं उत्तर नेहमी संशयास्पद असतं, ताई."

दुपारपर्यंत फळ्यावर तीन संशयित झाले: परदेशी टोळी, शेजारचं प्रसूतिगृह आणि डॉक्टरीणबाईंची स्वागतिका. तिसरीचा गुन्हा असा की तिचा आवाज फार गोड होता.

ताईंनी नोंदी तपासल्या. सर्व्हरवर कामाचा ताण नव्हता, तरी पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. काम नसताना घाम गाळणारं कोणीतरी आपल्या ओळखीचं आहे, असं ताईंना वाटलं; पण त्यांनी प्रमुखांच्या खुर्चीकडे पाहायचं टाळलं.

शुक्रवारी त्यांनी प्रसूतिगृहात फोन लावला. स्वागतिका जेवायला गेली होती, म्हणून आयाने उचलला.

"मावशी, सोमवारी अकराला तिथे काय चाललं होतं?"

"बाळंतपण. मुलगा झाला."

"मंगळवारी साडेचारला?"

"जुळ्या मुली!"

पाचही वेळांना बाळं निघाली. धुरंधरांनी तिन्ही संशयित पुसले आणि फळ्यावर लिहिलं, 'नवजात टोळी?'

"मावशी, तिथे एक काळं खोकं आहे ना, घूं घूं करणारं?"

"कपाटांच्या खोलीतलं? अहो, ते फार ऊबदार आहे! बाळ यायच्या आधी त्याच्या जाळीवर दुपटी पसरून ठेवते मी. नऊ महिने उबेत राहिलेलं लेकरू, त्याला काय गार फडक्यात गुंडाळायचं?"

"आधी कुठे ठेवायचात?"

"हीटरवर. तो रविवारी जळाला. मी दोनदा सांगितलं, पण आयाचं ऐकतंय कोण?"

जाळी झाकली की आतली गरम हवा बाहेर पडत नाही, तेच खोकं बंद पडलं आणि कालच्या बाईचा रक्तगट अडकला, हे ताईंनी हळूच सांगितलं.

"म्हणजे त्या पोरीला काही झालं असतं तर… माझ्यामुळे?"

"नाही मावशी. तुम्ही वेळेवर सांगितलं होतंत. ऐकलं नाही ते दुसऱ्यांनी."

ताईंनी लगेच डॉक्टरीणबाईंना गाठलं. संध्याकाळच्या आत नवा हीटर आला.

धुरंधरांनी आठ पानी अहवाल धाडला: 'उष्णतेच्या मार्गाने झालेला सुनियोजित हल्ला मी हाणून पाडला.' तो कोणी वाचला की नाही, ठाऊक नाही. देखरेख मात्र चालू राहिली.

शनिवारी बाराच्या सुमारास ताईंचा फोन वाजला.

"मुलगी झाली हो! दुपटं छान गरम आहे. तुमचं खोकं कसं आहे?"

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. "गार आहे, मावशी. अगदी गार."

धुरंधर खुर्ची सरकवत जवळ आले. "कोण होतं? खबऱ्या?"

"आया."

धुरंधरांनी दार लावून घेतलं, वही उघडली आणि गंभीरपणे लिहिलं, 'सांकेतिक नाव: आया.'