तीनशे सत्त्याऐंशी मीटरची फेरी

धावणं सोडायला कोणाची परवानगी लागत नाही. ते आपण कधी सोडलं हे माणसाला कळतही नाही, आणि कळतं तेव्हा पँटचा हूक लागेनासा झालेला असतो. पुन्हा सुरू करायला मात्र पूर्वतयारी लागते, आणि पूर्वतयारीची जाण हीच जबाबदार माणसाची ओळख आहे. या बाबतीत वजनमापे खात्यातल्या एका निरीक्षकाचं उदाहरण सर्वांनी डोळ्यांसमोर ठेवावं असं आहे.

हा निरीक्षक दुकानांतले तराजू, पेट्रोल पंपावरची मापं आणि कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासतो. बाजारात त्याच्या माघारी त्याला 'मिलिमीटर' म्हणतात. (तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि तराजूवरचा हात काढून घेतात.) अकरा वर्षांपूर्वी तो रोज सकाळी घरामागच्या मैदानावर धावायचा आणि त्याची मुलगी शेजारून सायकल चालवत फेऱ्या मोजायची. मग बढती झाली, मग गुडघा दुखला, मग गुडघा बराही झाला; पण तोवर न धावणं चांगलं अंगवळणी पडलं होतं.

आता मुलीला परगावी नोकरी लागली होती. तीन महिन्यांनी ती जाणार होती.

"बाबा, तोपर्यंत रोज सकाळी माझ्याबरोबर धावशील?" तिने विचारलं. "पूर्वीसारखं?"

"म्हणजे काय! धावणारच," निरीक्षक म्हणाला. त्याने लगेच कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. एक्क्याण्णव सकाळी होत्या. त्याला मनापासून आनंद झाला होता, यात तिळमात्र शंका नाही.

पहिल्या सकाळी त्याने बूट बाहेर काढले आणि सवयीने तराजूवर ठेवले. डावा तीनशे बारा ग्रॅम, उजवा तीनशे अठरा. सहा ग्रॅमचा फरक आपण दुकानदाराला माफ करत नाही, मग स्वतःला कसा करायचा? पाच किलोमीटरमध्ये उजवा पाय सुमारे अडीच हजार वेळा उचलायचा, म्हणजे एकट्या उजव्या पायावर पंधरा किलोंचा जादा बोजा. (हिशेब बिनचूक आहे. पाय अद्याप उचललेला नाही, एवढंच.) मनाजोगते बूट मिळेपर्यंत नऊ सकाळी गेल्या. त्यानंतर मनगटी घड्याळाची पडताळणी झाली. ते दिवसाला चार सेकंद पुढे जात होतं. मग स्वतःच्या वजनाची पाळी आली. घरातला काटा, औषधाच्या दुकानातला काटा आणि कार्यालयातला काटा तीन निरनिराळे आकडे दाखवत होते. तिघांचं एका मुद्द्यावर एकमत होतं, पण तो इथे नोंदवणं उचित होणार नाही.

"अहो, वाट बघून बघून गेली ती," बायको सांगायची. "तुम्हाला धावायचंय की शिक्का मारायचाय?"

"धावायचंच आहे. पण वीस वर्षं लोकांना सांगतोय, मापाची खात्री नसेल तर माल घेऊ नका. आता मीच घेऊ?"

तेविसाव्या सकाळी तो एकदाचा मैदानावर पोचला. मुलगी आनंदाने धावतच सुटली. निरीक्षकाने खिशातून पोलादी फीत काढली.

मैदानाची फेरी चारशे मीटरची आहे असं तिथल्या फळ्यावर वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. ती भरली तीनशे सत्त्याऐंशी. त्याने पुन्हा मोजली. पुन्हा तीनशे सत्त्याऐंशी.

पुढे जे झालं त्याचं श्रेय एकट्या निरीक्षकाला देणं अन्यायाचं होईल. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक नऊ वर्षं रोज पाच फेऱ्या चालत होते. आपण दररोज पासष्ट मीटर कमी चाललो, म्हणजे आजवर सुमारे दोनशे तेरा किलोमीटर चाललोच नाही, हे कळल्यावर ते मटकन बाकावर बसले. "मग मी इतका ठणठणीत कसा?" असं म्हणत त्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. दोन मैत्रिणी सहा वर्षं जोडीने चालत होत्या, एक आतून, एक बाहेरून. बाहेरची चौतीस किलोमीटर जास्त चालली असल्याचं निष्पन्न झालं, आणि तरीही वजन तिचंच जास्त होतं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

साहजिकच समिती स्थापन झाली. मुख्याध्यापक अध्यक्ष, निरीक्षक तांत्रिक सल्लागार. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाचीही फेरी ग्राह्य धरली जाणार नाही, असा पहिलाच ठराव झाला आणि मैदानाला दोरी बांधण्यात आली. लोकांनी दिलेला प्रतिसाद कौतुकास्पद होता. सकाळी चालणाऱ्यांची संख्या त्रेसष्टवरून शून्यावर आली आणि बाकांवर बसणाऱ्यांची अकरावरून चौऱ्याहत्तरवर गेली. फेरी अगदी आतल्या कडेने मोजायची की कडेपासून तीस सेंटिमीटर सोडून, या प्रश्नावर सोळा सकाळी साधकबाधक चर्चा चालली. व्यायामाबद्दल इतकी आस्था त्या मैदानाने यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

मुलगी रोज दोरीखालून वाकून आत जायची आणि धावायची. तिच्या फेऱ्या अग्राह्य असल्याचं तिला रीतसर कळवण्यात आलं होतं. समितीच्या बाकासमोरून जाताना ती हात वर करायची. तांत्रिक सल्लागारही करायचा.

त्याला उठावंसं वाटत नव्हतं असं नाही. फार वाटायचं. पण दोन जिने चढले की त्याला धाप लागत होती, आणि एके काळी ज्या मुलीच्या सायकलला तो मागे टाकायचा, तिच्यासमोर दोनशे मीटरवर गुडघ्यांवर हात टेकून उभं राहायची त्याला भीती वाटत होती. (ही बाब कोणत्याही इतिवृत्तात नाही.)

सत्तराव्या सकाळी ती बाकासमोर थांबली. घामाने निथळत होती.

"बाबा, एकच फेरी. कितीची का असेना."

तो उठला. दोरीखालून गेला. दोघं शेजारी शेजारी धावू लागले. ती मुद्दाम हळू धावत होती आणि ते त्याला कळत होतं, तरी त्याला बरं वाटत होतं. तेवढ्यात बाकावरून मुख्याध्यापकांचा आवाज आला.

"साहेब! तुम्हीच असं केलंत तर बाकीच्यांनी काय समजायचं?"

निरीक्षक थांबला. चाळीस पावलं झाली होती. "बरोबर आहे त्यांचं," तो मुलीला म्हणाला. चेहऱ्यावर खेद होता, पण त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि मुलीने तो ऐकला.

"बरं," ती म्हणाली आणि पुढे धावत गेली.

फेरी चारशेची करायला रेघ दोन मीटर बाहेर सरकवणं भाग होतं. तिथे समितीचे बाक होते. बाक हलवायचे तर समितीला उठावं लागणार होतं, त्यामुळे या कामाला वेळ लागला. एकोणनव्वदाव्या सकाळी चुन्याची नवी रेघ आखून झाली. नव्वदावी सकाळ सामान बांधण्यात गेली. एक्क्याण्णवाव्या सकाळी निरीक्षक मुलीला बसवर सोडायला गेला.

"किती झालं गं आपलं?" त्याने विचारलं.

"माझ्या पाचशे दहा फेऱ्या. तुझी चाळीस पावलं." मग ती हसली. "मस्त होती पण."

"पाचशे दहा म्हणजे एकशे सत्त्याण्णव किलोमीटर तीनशे सत्तर मीटर," तो म्हणाला. बस सुटली.

दुसऱ्या दिवशी समारंभपूर्वक दोरी काढण्यात आली आणि पहिल्या प्रमाणित फेरीचा मान निरीक्षकाला मिळाला. तो संपूर्ण चारशे मीटर धावला. दोनदा थांबला, गुडघ्यांवर हात टेकले, कोणी हसलं नाही. शेजारी कोणी नसल्यामुळे त्याला आतली कड कुठेही सोडावी लागली नाही आणि फेरी मापाला तंतोतंत उतरली. संध्याकाळी त्याने समितीचा राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

हा मजकूर वाचायला साधारण सहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात रमतगमत एक फेरी होते. वाचकांनी तो बसून वाचला असणार अशी समितीची खात्री आहे, आणि त्यात आक्षेपार्ह काही नाही. मात्र वाचता वाचता आतून कोणी हाक मारली असेल, आणि 'एवढं संपवून आलोच' असं उत्तर आपल्याकडून गेलं असेल, तर तांत्रिक सल्लागाराची जागा रिकामी आहे. अर्ज करू नये. आपली निवड झालेली आहे.