पुराणिकसरांचे दुसरे डोळे

देवासला आमच्या शेजारी राहणाऱ्या पुराणिकसरांकडे माझ्या पत्नीने एकदा वाटीभर साखर मागितली. सरांनी डबा उघडला, चष्मा पुसला, वाकून आत पाहिले आणि दारात येऊन म्हणाले, "दिसत नाही, वहिनी. असलीच तर चमचाभरापेक्षा कमी."

नुसते 'नाही' सरांनी आयुष्यात कधी म्हटले नसावे. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या एकट्या गृहस्थाला पल्सारांचा नाद होता. पल्सार म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. त्यांतले तरुण सेकंदाला दहा-वीस गिरक्या घेतात. रेडिओ दुर्बिणींना त्यांची स्पंदने मिळतात, पण डोळ्यांना दिसेल असा प्रकाश मोजक्यांचाच सापडला आहे. सर तो शोधत. मोठ्या दुर्बिणींची सर्वांना खुली असलेली छायाचित्रे संगणकावर उतरवायची, पल्सारच्या जागी वर्तुळ काढायचे आणि आत ठिपका आहे का ते पाहायचे. नसला तर 'असलाच तर इतक्यापेक्षा मंद' अशी यादीत नोंद करायची.

"एकट्याचे डोळे लबाड असतात, भिया," ते मला म्हणाले; इकडे 'भैया'चा 'भिया' होतो. "जे हवं तेच पाहतात. दुसरे डोळे पाहिजेत. तुम्ही येत जा."

मी भिडस्त, नकार देता आला नाही. दर रविवारी चार वाजता जाऊ लागलो. माझ्या मतावर आपली छाया पडू नये म्हणून सर चित्रे लावून चहा करायला आत जात. मी वहीत 'ठिपका नाही' असे लिहून सही करी. सांगायला लाज वाटते, पण मी पाहत नसे. कुक्षी गावच्या सरकारी कचेरीत तीस वर्षे न वाचता 'तपासले' लिहिणाऱ्या हाताला ते जड गेले नाही. तेवढ्या वेळात मी सरांनी पुढे ठेवलेले पोहे संपवी.

दीड वर्षाने सरांनी एक कागद पुढे केला. "यादी पूरी हो गई, भिया. उद्या वेधशाळेला पाठवायची. इथे सही करा." खाली लिहिले होते : 'दुसऱ्या निरीक्षकाने प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे पाहिले आहे.' त्यापुढे माझे नाव.

मी पेन उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. मग कसेबसे म्हणालो, "सर, मी एकही चित्र पाहिलेलं नाही."

"मालूम है."

"म्हणजे?"

"दर रविवारी एका चित्रात मीच खोटा ठिपका घालत होतो. दुसऱ्या डोळ्यांना किती अंधूक ठिपका दिसू शकतो, ते कळायला नको? आधी मंद घातले, मग ठळक. दिवाळीत तर हरभऱ्याएवढा घातला, भिया! तुम्ही लिहिलंत, ठिपका नाही."

मला मान वर करवेना. "मग बोलावत का राहिलात?"

सरांनी माझ्यापुढची पोह्यांची बशी उगाच उचलून पुन्हा खाली ठेवली. "रविवारी चार वाजता फाटक वाजायचं," ते म्हणाले.

"राग नाही आला?"

सर खरोखरच विचार करू लागले. "दिसत नाही. असलाच तर चमचाभरापेक्षा कमी."

मग त्यांनी तो कागद दुमडून ठेवला, यादीतले पहिले चित्र पुन्हा लावले आणि पाठ फिरवून चहा करायला आत गेले.

मी पोह्यांची बशी दूर सारली आणि चष्मा पुसला.