सासू शून्य केल्याची कैफियत

हकिकत जैसी जाहली तैसी लिहिली आहे. पदरचे तिखटमीठ घातले ते चवीपुरतेच.

समीकरणधुरंधर, आलेखमार्तंड सूनबाईसाहेब यांणी पाच वर्षे मोहीम करून संगणकात दहा हजार मेंदूपेशी वसविल्या, आणि कायदा बांधिला की, एक पेशी उठली म्हणजे तिणे जवळच्या पेशींस चिथवावे आणि दूरच्यांस दाबावे, आणि या ओढाताणीतून पडद्यावर पट्टे उमटून संथ चालते राहावे. चिथावणीच्या आकड्याचे नाव 'जाऊ' आणि दाबाच्या आकड्याचे 'सासू' ऐसे ठेविले होते. घरी याची खबर नव्हती. मग मार्गदर्शक सरांचे फर्मान आले की, उदईक अकरा वाजता परीक्षकांसमक्ष पट्टे चालले तर पदवी, न चालले तर विषय बरखास्त.

दुसरे दिवशी सकाळीच जेवणाच्या टेबलावरील कागदांचे पसाऱ्यावरून सासूबाईसाहेबांशी तुंबळ जाहले. मग सूनबाई तणतणत प्रयोगशाळेत दाखल जाहल्या, आणि चार्जर घरीच राहिला, आणि रागाचे भरात हात गेला तो थेट सासूवर. आकडा शून्य केला, किंचित समाधान पावल्या, आणि पूर्ववत करावयाचे साफ विसरल्या.

अकरास परीक्षक स्थानापन्न होताच कळ दाबली. पेशींस आवरणारे कोणी न राहिले. एकीने दहांस उठविले आणि दहांनी हजारांस, आणि पलक लवते न लवते तो अवघा पडदा पांढरा फटक. सरांनी चष्मा तीन वेळा पुसला. पाच वर्षांची मेहनत पाण्यात जाताना पाहून सूनबाईंस काय चुकले हेही सुचेना.

ऐशा समयी दार लोटून सासूबाईसाहेब चार्जरानिशी दाखल जाहल्या, चाळिशी नाकावर घेतली आणि पडद्याच्या कोपऱ्यातील अक्षरे मोठ्याने वाचिली, "सासू बरोबर शून्य." मग म्हणाल्या, "मला शून्य केलंस होय? मग गोंधळ होणार नाही तर काय होणार?"

सूनबाईंनी मान खाली घालून सासू वाढविली. एकावर नेली तो पडदा काळाठिक्कर, आणि हळूहळू उतरविली तो शून्य पूर्णांक सहावर पट्टे उठले आणि डुलत चालू लागले. परीक्षकांनी पदवीची शिफारस तेथेच केली.

परतीचे वाटेस सासूबाईंनी पुसिले की, शून्य पूर्णांक सहा म्हणजे किती. निम्म्याहून थोडे अधिक, ऐसा जबाब गेला. तेव्हापासून सासूबाईसाहेब दहा गोष्टी खटकल्या तर सहाच बोलतात, आणि बाकीच्या चार सूनबाई त्यांचे चेहऱ्यावरून वाचून घेतात. येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती कलमबंद केली.