साळवेकाकांचा शुक्रवार

लाईट गेली की आमच्या अख्ख्या गल्लीत फक्त साळवेकाका खूश होतात. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते. सगळे कपाळाला हात लावून बसतात, आणि खालच्या मजल्यावरचे काका इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर निघतात.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. गच्चीवर त्यांनी माणसाएवढी लाकडी चौकट उभी करून तिला तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे दिलेत. तिला एक डबा आणि हेडफोन जोडला की लांबलांबच्या आभाळातल्या विजा ऐकू येतात म्हणे. अडचण एकच. घराघरांतली वीज त्यात घूंऽऽ करत राहते. "ह्या लाईटीनं लई गोंगाट केलाय," असं ते येताजाता म्हणतात. एकदा मी त्या चौकटीवर चादरी वाळत घातल्या, तर त्या दिवशीच्या सगळ्या विजा ओल्या ऐकू आल्या अशी त्यांची तक्रार.

गेल्या शुक्रवारी मात्र त्यांनी हद्द केली. भर दुपारी माझ्या दारात येऊन म्हणाले, "ताई, इन्व्हर्टर जरा बंद करता का? लई घूं घूं करायलाय."

मी बंद केला, पंखा थांबला, आणि घामाघूम होऊन मी भांडायलाच गच्चीवर गेले. काकांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला. आत फोडणीतली मोहरी तडतडत होती. आभाळात तर ढगाचा ठिपका नव्हता. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"ही नागपूरकडची," काका म्हणाले.

"कशावरून?" एक कान मोकळा करत मी विचारलं.

"चौकट पूर्व-पश्चिम धरलीय ना."

"मग पश्चिमेची कशावरून नसेल?"

"असंल की. चौकटीला दोन्ही बाजू सारख्याच." त्यांनी खिशातून फोन काढला. "पण पोरगी नागपूरला असती. एकटीच. लहानपणी वीज चमकली की माझ्या पोटाशी येऊन झोपायची."

त्यांनी फोन स्पीकरवर लावला. "बाळा, इजा चमकायल्यात तिकडं. खिडक्या लावून घे."

"बाबा, इथं कडक ऊन आहे," पलीकडून हसणं ऐकू आलं. "आज उशीर केलात. मी केव्हाची फोनची वाट बघतेय."

"ताईंचा इन्व्हर्टर चालू होता. बरं, जेवलीस का?"

मला फार अपराधी वाटलं. बोलणं जेवणावरून तिच्या ऑफिसवर गेलं, तिथून पुन्हा जेवणावर आलं. तेवढ्यात खाली पाण्याची मोटर सुरू झाली आणि माझ्या कानात घूंऽऽ भरलं. लाईट आल्याची खूण मी काकांना केली, पण त्यांचं लक्षच नव्हतं.