सासऱ्यांचे डावे बूट

माझ्याकडे पाहून मी गुप्तहेर आहे असं कुणालाही वाटत नाही, यातच माझं यश आहे. वरवर पाहता मी चष्म्याचं दुकान चालवतो. पण समोर बसलेला माणूस "खालची ओळ दिसत नाही" म्हणतो तेव्हा त्याला ती खरंच दिसत नाही, की नव्या फ्रेमसाठी तो बहाणा करतोय, हे मी त्याच्या भुवईवरून ओळखतो. गुन्हेगारी जगत माझ्या नावाने चळाचळा कापतं. अजून त्याला माझं नाव कळलेलं नाही, एवढंच.

बायकोचं मत थोडं वेगळं आहे. ती शाळेत गणित शिकवते. डोक्यावर सरकवलेला चष्मा मी एकदा घरभर शोधला होता, तेवढ्या एका उदाहरणावरून ती माझी सबंध कारकीर्द सोडवून मोकळी होते.

तर एके दिवशी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, जरा येऊन जाता का? ह्यांचा बूट रोज नाहीसा होतोय."

बायकोला पेपर तपासायचे होते. "तुम्ही व्हा पुढे, मी शनिवारी येते," ती म्हणाली. "तोवर कुणावर आरोप करू नका."

माझे सासरे गोदामातली क्रेन चालवून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांची ओझी उचलली, आता दुसऱ्यांना उठबस करायला लावतात. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर रोज सकाळी व्यायामाचा वर्ग भरतो. सासरे पुढे उभे राहून आकडे मोजतात आणि त्यांच्या आवाजावर अख्खं मैदान खाली-वर होतं. मध्यंतरी त्यांना ताप आला. थोडे दिवस अंथरुणात गेले. मग ताप उतरला, डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू सुरू करा." आणि ज्या सकाळी जायचं, नेमक्या त्याच सकाळी डावा बूट गायब! सासूबाईंनी जुना जोड शोधून काढला. दुसऱ्या दिवशी त्यातलाही डावा गेला. शेजाऱ्यांनी आपला जोड दिला, त्याचीही तीच गत.

"चोर डाव्या विचारसरणीचा दिसतो," मी म्हणालो.

सासरे खिडकीशी बसले होते. हसले नाहीत. "बूट नाही, मग जाणार कसं? राहू दे," असं म्हणून त्यांनी गुडघ्यावरची चादर सारखी केली. एवढी चोरी होऊनही तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. काय हा धीर! मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि चौकशीतून वगळलं. ज्याच्या घरी चोरी होते त्याला त्रास द्यायचा नाही, हे माझं तत्त्व आहे.

उरल्या सासूबाई. त्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. मी दारात टेकून सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, बाबा घरी राहिले की तुम्हाला बरं वाटत असेल, नाही?"

"बरं? दर पाच मिनिटांनी कढईत डोकावून मीठ घातलं का विचारतात. मीठ घातलं का, म्हणे! इतकी वर्षं काय साखर घालत होते?" मग त्यांचा आवाज खाली आला. "चेष्टा सोडा. ते गप्प झालेत हो. टीव्हीसुद्धा लावत नाहीत. माणूस असा एकदा बसला की बसतो." हातातलं पातेलं कोरडं होऊनही त्या ते पुसतच होत्या.

मी त्यांना निर्दोष सोडलं.

दुपारी सगळे पडले असताना मी दाराशी टाल्कम पावडर पसरली. चोराची पावलं उमटणार, हा हिशोब. मग जरा डोळा लागला. उठून पाहतो तर पावडरीत स्पष्ट ठसे! पंजा रुंद, चाल बेफिकीर, अंगठा गुन्हेगारी वळणाचा. मी भिंग घेऊन मागावर निघालो. ठसे माठापाशी गेले, तिथून बाथरूमकडे, तिथून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाकडे. दिवाणावर माझीच उशी होती. पाणी प्यायला मी उठलो होतो, ते मागाहून आठवलं. चोर हुशार होता. त्याने माझ्या पावलांचा आसरा घेतला होता.

"पावडर कुणी सांडली?" सासूबाई आतून ओरडल्या.

"तपास चालू आहे," मी म्हणालो.

आता संशय एकाच माणसावर उरला. सासरे आजारी पडल्यापासून वर्गापुढे उभे राहण्याचा मान एका हार्डवेअरच्या दुकानदाराला मिळाला होता. मैदानावर त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात, कारण गळ्यात कायम शिट्टी. हेतू उघड होता. खुर्ची मिळाली की माणूस काय करणार नाही? उभं राहण्याची असली म्हणून काय झालं, खुर्ची ती खुर्चीच.

मी वेषांतर करून, म्हणजे शर्ट बाहेर काढून, त्यांच्या दुकानात गेलो. "एक स्क्रू द्या," मी म्हणालो. "डावा."

"डावा स्क्रू?" शिट्टीमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही टाकीजवळच्या काकांचे जावई ना?"

वेषांतर फुकट गेलं. मी थेट भिडलो. "काका परत येऊ नयेत असं कुणाला वाटत असेल?"

"येऊ नयेत? अहो, ते येणार कधी ते सांगा आधी! ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. बायको म्हणते, घरी बोलत नाहीस, मैदानावर काय बोंबलतोस? दोनदा बोलवायला गेलो, तर म्हणाले, बूट नाही. मी म्हटलं, माझा घ्या. तर तोही गेला."

म्हणजे शेजाऱ्यांचा धरून चार! माझ्या अंगावर काटा आला. चार डावे बूट नेणारी टोळी साधी नव्हती. मी घरी येऊन सासऱ्यांना धीर दिला, "बाबा, घाबरू नका. हे आंतरराष्ट्रीय असू शकतं."

"असेल," सासरे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

शनिवारी बायको आली. मी तिला बसवून सगळं सांगितलं. एका पायाच्या चोराची शक्यता, डाव्या बुटांचा काळाबाजार, शेजारच्या कुत्र्याची संशयास्पद नजर. ती पाणी प्यायली, पेला खाली ठेवून खिडकीशी गेली.

"बाबा, बूट कुठे ठेवलेत?"

"माळ्यावर," सासरे म्हणाले. "निळ्या सुटकेसमध्ये."

मला माझी कारकीर्द जमिनीवर पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"मग सांगितलं का नाहीत?" मी ओरडलो.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

सासूबाई पदराला हात पुसत दारात येऊन थांबल्या. सासरे कुणाकडेच न बघता बोलू लागले. "ताप उतरला त्या दिवशी दार लावून बैठका काढून बघितल्या. पाचवीला खाली गेलो तो खालीच. पलंग धरून उठावं लागलं. मांड्या अशा थरथरत होत्या. एवढ्या लोकांसमोर उभं राहून काय मोजू? एक, दोन, तीन, चार, आणि मग मला उचला?"

"एवढंच ना?" सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मला वाटलं, डॉक्टरांनी माझ्यापासून लपवून काहीतरी सांगितलंय तुम्हाला."

"उद्या मागच्या रांगेत उभे राहा," बायको म्हणाली. "जमेल तेवढं करा, नाही जमलं तर बसा. हे येतील सोबत."

"मी?" मी म्हणालो. व्यायामातून मीही छोटीशी विश्रांती घेतलेली होती. लग्नापासूनची.

दुसऱ्या सकाळी आम्ही अगदी मागे, टाकीच्या भिंतीला लागून उभे राहिलो. सासऱ्यांनी चेहरा लपवायला टोपी घातली होती. शिट्टी वाजली. पहिल्या बैठकीला माझ्या गुडघ्यांनी जो आवाज केला त्याने पुढचे दोघे वळले. तिसरीला मी खाली गेलो आणि तिथेच माझा मुक्काम पडला.

"बाबा," मी कुजबुजलो, "मला वर येता येत नाहीये."

सासऱ्यांनी खाली पाहिलं. आधी टोपी हलली, मग खांदे, आणि मग ते असे खदखदून हसले की टोपीच पडली. हसता हसताच त्यांनी मला हात देऊन ओढलं. ओढताना त्यांच्या मांड्या थरथरल्या, पण टिकल्या. पुढे त्यांनी आठ काढल्या, मला वाटतं नऊ, आणि धापा टाकत गवतावर बसले. कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. लोक आपापल्या गुडघ्यांच्या विवंचनेत होते.

तिकडे शिट्टीमास्तर घोगऱ्या आवाजात मोजत होते, "बावीस... तेवीस... एकवीस..."

सासऱ्यांची मान वर झाली.

"बावीस... तेवीस... एकवीस..."

"अरे, चोवीस!" सासरे बसल्या जागेवरून गरजले. "माणसं मारतोस काय?"

अख्खं मैदान वळलं. शिट्टीमास्तर तर धावतच आले आणि गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यापुढे धरली.

"शिट्टी राहू दे तुझ्याकडेच," सासरे म्हणाले. "मला अजून उभं राहवत नाही. बसून मोजतो. चालेल?"

"झोपून मोजा!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, आणि सगळे टाकीकडे तोंड करून उभे राहिले.

म्हणजे मागची रांग पुढची झाली. लपायला म्हणून भिंतीला चिकटून उभा असलेला मी आता सबंध मैदानासमोर, गुडघे अर्धवट वाकलेले, असा उभा होतो.

सासऱ्यांनी गवतावर मांडी ठोकून घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हं, जावईबापू. खाली."