जड डब्यांचा घोळ

शाहूपुरीत तीस वर्षं धान्याचं दुकान चालवलंय मी. पिशवी नुसती हातात घेतली की वजन सांगतो! उघडून बघतात ते नवशिके!

म्हणूनच गल्लीतल्या एकट्या, गरीब म्हाताऱ्यांना दुपारचा डबा पोचवायचं ठरलं, तेव्हा कारभार माझ्याकडे आला. स्वयंपाक नजीराभाभींचा. तांदूळ-डाळ शिरोलीच्या फौंड्रीवाल्या राजवर्धनरावांची. त्यांची अट एकच : "अन्न परत आलं, की धान्य बंद!"

पहिल्याच संध्याकाळी डबे परत आले. उचलतो तर जड!

"भाभी, म्हातारी जेवत न्हाईत! उद्यापासून भात कमी घाला."

"अण्णा, उघडून तरी बघा की!"

"तीस वर्षांचा हात हाय हा!"

दुसऱ्या दिवशी भात कमी घातला. डबे आणखी जड! तिसऱ्या दिवशी तर भात डब्यात शोधावा लागत होता, आणि परत आलेल्या डब्यांची पिशवी उचलताना माझी कंबर लचकली!

नेमके तेव्हाच राजवर्धनराव हजर. पिशवी त्यांनीच धरली. चेहरा भट्टीसारखा लाल!

"एवढं अन्न परत? बंद करा हे!"

माझा आवाज पोत्यातल्या उंदरासारखा झाला. मी एक झाकण काढलं. आत भाजक्या शेंगा! दुसऱ्यात गुळाचा खडा!

"रोज सांगतीया," नजीराभाभी कडाडल्या, "ऐकून घेताय व्हय? दोन दिस मिटक्या मारत खाताय, त्यो खर्डा कुठनं आला वाटला?"

तेवढ्यात तो खर्डा पाठवणाऱ्या, आमचा डबा खाणाऱ्या म्हाताऱ्या चिमणाबाई स्वतःच डबा घेऊन आल्या.

"रिकामा डबा कोण परत देतंय व्हय? त्यात तुमचा भात रोज घटाय लागला. म्हटलं, ह्यांच्यातच खायाचं वांदं झाल्यात, जरा जास्तच घालावं!"

राजवर्धनराव विरघळले. बोटभर खर्डा चाखला, आणि डोळ्यांतून धारा! त्यात माया किती आणि मिरची किती, हे वजन मात्र मला सांगता येईना. "धान्य चालू ठेवतो," एवढं कसंबसं म्हणाले आणि चिमणाबाईंचा डबाच घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ड्रायव्हरनं तो परत आणला. लखलखीत घासलेला. चिमणाबाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं, डबा पालथा करून हलवला.

"अरारारा! एवढा मोठा कारखाना, आन् घरात शेंगदाणा न्हाय! अण्णा, उद्यापास्नं त्येला बी एक डबा लावा!"

लावलाय. आता परत आलेला प्रत्येक डबा मी उघडून बघतो. राजवर्धनरावांचा तेवढा अजून नुसता हातात घेतला की कळतो, रिकामा!